चातुर्मासात सोडलेल्या गोळ्या

त्या दुपारी मी एका इरल्याला "या, बसा" म्हणालो.

आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या बाईने आपलं ओलं इरलं पडवीच्या खांबाला टेकवून ठेवलं होतं. पावसात पाठीवर घ्यायचं, पानांनी विणलेलं, अर्ध्या माणसाएवढं. मला तिथे कुणीतरी मान खाली घालून बसल्यासारखं दिसलं. नुसतं "या, बसा" म्हणून थांबलो असतो तर निभावलं असतं. मी पानाचं तबकही पुढे सरकवलं.

"भाऊ, कोनाला पान देताय?" ती बाई मागल्या दाराने येत म्हणाली. "त्ये माजं इरलं हाय."

"ठाऊक आहे मला," मी म्हणालो.

ती हसली नाही. एरवी माझ्या फजितीवर पोट धरून हसणारी बाई. तिने इरलं उचललं आणि माझ्याकडे पाठ न करता, बेताबेताने मागे सरत बाहेर पडली.

हे सगळं आषाढी एकादशीपासून सुरू झालं होतं. साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. चातुर्मास लागला की आमच्याकडे घरोघरी काही ना काही सोडायची रीत. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी एका वेळचं जेवण. देवासमोर बसून बायकोने वांगी सोडली. मग माझी पाळी आली. वांगं मला मुळातच आवडत नाही, आणि नावडतं सोडून पुण्य पदरात पाडून घेण्याइतका मी कोडगा नाही. ताम्हनात पळीभर पाणी सोडून मी म्हणालो, "मी गोळ्या सोडल्या."

या गोळ्या मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेल्या. आदल्या हिवाळ्यात माझं मन असं काही बसलं होतं, की सुपारीचा मोसम डोळ्यांदेखत निघून गेला तरी मी जागचा हललो नाही. दुपारी विहिरीच्या काठावर आत पाय सोडून बसायचो. एकदा बायकोला म्हणालोही होतो, "पाणी किती शांत आहे गं." तिसऱ्या दिवशी तिने मला मुंबईला जाणाऱ्या रेवसच्या लाँचमध्ये घातलं. गोळ्यांनी गुण आला. हसू लागलो, चवीने जेवू लागलो, भावकीतल्या भांडणांत पुन्हा लक्ष घालू लागलो. मग वाटायला लागलं, बरा झालेला माणूस गोळ्या कशाला खातो?

"अहो, डॉक्टरांना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"देवापेक्षा डॉक्टर मोठा का?" मी विचारलं. याला उत्तर नसतं, म्हणून तर विचारलं.

पहिले दोन दिवस मी छाती काढून हिंडलो. तिसऱ्या दिवशी अंगणात मान वळवली आणि डोक्याच्या आत काहीतरी झिणझिणलं. ओल्या हाताने विजेच्या बटणाला शिवावं तसं. मान वळली होती, पण अंगण मागून आलं. माड आले, कुंपण आलं, आणि कुंपणाशी कुणीतरी उभं होतं ते मात्र आलंच नाही. पुन्हा पाहिलं तर नुसता पाऊस.

मग हे रोजचं झालं. डोळे इकडून तिकडे नेले की कानात सर्रकन काहीतरी फिरायचं. घाम फुटायचा, अन्नाचा वास नकोसा व्हायचा. झोपेत वडील यायचे. त्यांना जाऊन दहा वर्षं झालेली. झोपाळ्यावर बसून ते मला काहीतरी विचारायचे आणि मी जागा झाल्यावरही झोपाळा हलत असायचा. वारा होता म्हणा. खिडकी बंद होती, पण वारा होता.

"वाऱ्याखाली सापडलंय भाऊ," कामाची बाई स्वयंपाकघरात बायकोला सांगत होती. तिला वाटलं मला ऐकू जात नाही. त्या दिवसांत मला भिंतीवरची पाल चालल्याचंसुद्धा ऐकू जायचं. "इरल्याला पान देतंय मानूस. भगताला दाखवा, वयनी."

"भगत नको," बायको म्हणाली, "पण दृष्ट काढून बघते."

मीठ-मिरच्या माझ्यावरून उतरून तिने चुलीत टाकल्या. कोंडलेल्या स्वयंपाकघरात मिरच्या जळल्या आणि ठसका कुणालाच लागला नाही. दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"मिरच्या सादळल्या असतील," मी म्हणालो. माझं कुणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

त्यानंतर एका दुपारी पाऊस अचानक थांबला. वाडीत हिरवट उजेड कोंडला होता, पान हलत नव्हतं. आणि रहाट सुरू झाला. विहिरीवरचा आमचा रहाट, तोच कुरकुराट, तेच मडक्यांतून पाणी ओतल्याचं खळखळणं. पावसाळ्यात शिंपणं नसतं. रहाटाची माळ मी स्वतः काढून माळ्यावर टाकली होती. बैल गोठ्यात रवंथ करत होता, हे जाता जाता मी पाहिलंही.

विहिरीवर गेलो. रहाट जागच्या जागी उभा, ओला, आणि आवाज चालूच. मला वाटलं आवाज खालून येतोय. मी वाकलो. काठावरून हात लागेल इतकं पाणी वर आलं होतं. त्यात माझा चेहरा नव्हता. क्षणभर नुसतं आभाळ होतं, आणि मग चेहरा आला, घाईघाईने, उशिरा पोचलेल्या माणसासारखा. मी डोळे मिटून उघडले. खालच्याचे मिटलेलेच होते. नीट पाहावं म्हणून मी आणखी वाकलो.

मागून कुणीतरी माझं धोतर ओढलं. कासोटा सुटला आणि मी चिखलात बसलो. बायको होती. धोतराचं टोक तिने दोन्ही हातांनी मुठीत धरलं होतं, आणि ते सोडायला ती तयार नव्हती.

"रहाटाचा आवाज येत होता," मी म्हणालो.

"हो का?" तिचे ओठ पांढरे पडले होते. "परत तेच सुरू झालं ना?"

"नाही गं. तेव्हा सगळं लांब गेलं होतं. तू बोलायचीस तेही लांबून यायचं. आता सगळं फार जवळ आलंय. नको तेसुद्धा."

तिला ते पटलं की नाही कोण जाणे. "उद्याच्या एस.टी.ने मुंबईला जायचं," ती म्हणाली.

"आणि नेम? देवासमोर पाणी सोडलंय मी."

"पाप लागायचं असेल तर माझ्या नावावर लागू दे. आधी धोतर नेसा."

पावसाळ्यात रेवसची लाँच बंद. पेण, पनवेल, ठाणे असा वळसा घेऊन, खिडकीबाहेर तोंड काढत, मी मुंबई गाठली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, आणि लांब-जवळचं मी बोललो ते पुन्हा सांगायला लावलं.

"हा जुना आजार दिसत नाही," ते म्हणाले. "औषध नवं आहे, आम्हीही अजून शिकतोय. पण एकदम तोडलं की शरीर असं बिथरतं. पुन्हा सुरू करा. मग मी सांगेन तसं हळूहळू उतरवू. मध्ये जुनं काही वाटलं तर पत्राची वाट न बघता निघून या."

चार दिवसांत रहाट थांबला. पुढे गोळी कमी करायचं ठरलं तेव्हा बायको अडकित्ता घेऊन बसायची. सुपारीच्या मुलखातली बाई ती, कात्रण कागदासारखं पातळ पाडायची. पण वरचं साखरेचं कवच फुटलं की आतला कडू चुरा उडायचा आणि ती माझ्यावर डाफरायची. उतरताना अधूनमधून झिणझिणायचं. कुंपणाशी कुणी उभं आहेसं वाटायचं. मी तिला सांगायचो, ती जाऊन बघून यायची, "कुणी नाही" म्हणायची, आणि मला ते पुरायचं.

तुळशीचं लग्न झालं, आणखी काही आठवडे गेले, आणि शेवटचा चुरा मी पाण्याबरोबर घेतला. विहिरीच्या त्या प्रसंगापासून ती दुपारची आडवी होत नसे, वाडीकडच्या दारात बसून राहायची; पुढचे पंधरा दिवसही तसेच गेले. मग एकदा जेवणं झाल्यावर तिने चटई काढली, वाडीकडचं दार पुढे लोटलं आणि म्हणाली, "आजपासून दुपारची मी जरा पडत जाईन म्हणते."