हात टांगायची खुंटी

आधीच सांगते, मी मुरबाडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. अंगारे-धुपारे आमच्या घरात आजोबांच्या पिढीतच बंद झाले. कुणी भुताचं सांगायला लागलं की मी तोंडावर हसते. मग हे का लिहितेय? ...तर हात कितीदा धुतला तरी अजून समाधान होत नाही म्हणून.

शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. आम्ही शहापूरला राहायचो. मिस्टर वाशिंदच्या कंपनीत शिफ्टला, आणि किन्हवलीवरून मुरबाडला जाणारी एसटी तिच्या मर्जीने यायची. म्हणून सेकंडहँड गाडी घेतली. शिकवायला आले माझे सख्खे मामा, भातसानगरला सरकारी जीप चालवून रिटायर झालेले. शिकवायचे उत्तम, त्यात वादच नाही. पण माणूस इतका घाणेरडा की काय सांगू!

डाव्या तळहातावर तंबाखू-चुना घ्यायचा, उजव्या अंगठ्याने मळायचा, चिमूट ओठात कोंबायची आणि लाळेने ओली झालेली बोटं सीटला पुसायची. पिंक खिडकीबाहेर... म्हणजे अर्धी बाहेर, अर्धी मागच्या दारावर. शी! आणि मला सवय लागली होती, चालवताना डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवून द्यायची. ठेवला रे ठेवला की मामांचा तोच ओला हात फाट्कन माझ्या हातावर!

"हात काढ गो! हात टांगायची खुंटी हाय का ती?"

कारण बरोबर होतं. हाताचं वजन दांड्यावर पडत राहिलं की गिअरबॉक्समधला गिअर सरकवणारा काटा आतल्या आत घासत राहतो आणि पुढे गिअर निसटायला लागतात. "क्लच पूर्ण दाब, गिअर टाक, हात लगेच स्टिअरिंगवर," मामा म्हणायचे, "गिअरबॉक्स बोंबलत नाय गो, गुपचूप झिजतो." पटायचं. पण हातावर चिकटलेली ती तपकिरी लाळ! घरी येऊन साबणाने हात रगडायचे आणि आईवर चिडायचे, "तुझ्या भावाला सांग, काय ते तोंडाने बोला, हात लावू नका." आई म्हणायची, "मोठा हाय तो, घे ऐकून." घेतलं ऐकून. पण माझी सायली तेव्हा लहान होती, तिला मात्र मामांबरोबर त्या गाडीत कधी बसू दिलं नाही. तो हात माझ्या पोरीला लागता कामा नये, एवढं एकच मी धरून बसले होते.

मामा गेले. वाईट वाटलं, रडलेही. पण खरं सांगते, सुतक-बितक न मानता गाडी फिनेलने धुतली, सीटकव्हरं बदलली, गिअरचा गोळासुद्धा नवा बसवला. सुटले एकदाची, असं वाटलं.

त्याच वर्षी, शनिवारची शाळा सुटून घरी येत होते. भर दुपार, सरळगाव मागे टाकलं, गाडीत मी एकटी, काचा बंद. तिसरा गिअर टाकला आणि हात दांड्यावरच राहिला...

फाट्कन!

गाडी कडेला घेतली. हातावर तपकिरी ओला डाग, त्यात चुन्याची कणी. वास तोच. मला तिथेच रस्त्याच्या कडेला उलटी झाली. मिस्टर म्हणाले, "पाखरू शिटलं असेल." बंद काचेतून? मी गाडी विकून टाकली. नवीन गाडीत हात आपसूकच स्टिअरिंगवर राहायचा. काही झालं नाही.

मग सायली कॉलेजला गेली, गाडी शिकते म्हणाली. वाशिंदला जायच्या रस्त्यावर सकाळी मी शेजारी बसून शिकवायचे. क्लच, ब्रेक, सगळं सांगितलं. तिचा हात दांड्यावर जातो हे दिसत होतं, पण ते तेवढं सांगितलं नाही. ते वाक्य मामांचं. ते माझ्या तोंडात यावं ह्याचीच मला किळस होती.

एके दिवशी वाशिंदच्या अलीकडे ती एकदम किंचाळली आणि गाडी आचके देत बंद पडली.

"ई! आई, मारतेस काय? आणि हात कसला ओला तुझा? शी, तंबाखूचा वास येतोय!"

माझे दोन्ही हात मांडीवरच्या पर्सवर होते. कोरडे. ती ओढणीने हात खसाखसा पुसत होती, अगदी मी पुसायचे तशीच.

"आणि खुंटी काय म्हणालीस ग? कसली खुंटी?"

मी तोंडच उघडलं नव्हतं.

हे काय होतं, मला अजून माहीत नाही. कुणाला विचारायची सोय नाही, आणि विज्ञानाच्या बाईने विचारायचं तरी काय? त्या दिवसापासून सायलीचा हात दांड्यावर गेला की मी आधी ओरडते. अगदी मामांच्या शब्दांत, त्यांच्याच हेलात, "हात काढ गो! हात टांगायची खुंटी हाय का ती?" किळस येते. पण मी बोलले की त्यांचा हात येत नाही.