शेपटाकडे बसलेली माणसं

ये गं, इकडे माझ्याजवळ बस. परक्यासारखी उंबऱ्यात काय उभी राहतेस? विमानाचं विचारतेस आणि घड्याळाकडे बघतेस, ही कुठली रीत? बस म्हणते ना!

तेव्हा आम्ही चाकणजवळ कुरुळीला राहायचो. आमचे हे सायकलवरून पिंपरीला कारखान्यात जायचे, फिटर होते. माझ्या भावाच्या लग्नाला आम्ही दोघं हैदराबादला गेलेलो. दीड वर्षाची लेक जावेपाशी ठेवलेली, कारण तिला गोवर उठून गेलेला. लग्न आटोपतं न आटोपतं तोच यांना तार आली, मशीन बंद पडलंय, विमानानं या. कंपनीनं यांचं तिकीट दिलं, माझं वडलांनी काढलं. माझा जीव लेकीत अडकलेला, मी कशाला मागं राहते?

तेव्हा विमानात चढण्याआधी माणसांचंही वजन करायचे. आईनं दिलेला काळ्या दगडाचा वरवंटा माझ्या पिशवीत. काट्यावर चढताना मी पिशवी हळूच भावाकडे दिली आणि उतरल्यावर परत घेतली. सासरी रिकाम्या हातानं कशी जायची?

पुणं आलं तसं विमान खाली उतरू लागलं, आणि मध्येच नाक खाली घालून असं काही घसरलं की मी पुढची खुर्चीच धरली. मग इंजिनं ओरडली, आणि आम्ही पुन्हा वर. फिरून फिरून खाली तीच चाकणची शेतं. ह्यांनी खिडकीतून मागं बघितलं.

"काय झालं हो?"

"शेपटाची फळी अडकली असणार. नाक उचलेना त्याला."

"मग तुम्ही जा की! एवढी मशीनं दुरुस्त करता."

"अगं, आता काय बाहेर जाऊन पाना लावू?" म्हणाले, पण ओठ पांढरे पडलेले. असं हात मांडीवर ठेवून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चहा देणारी मुलगी आली. "बहनजी, पीछे आइए, सब लोग पीछे!" शेपूट जड झालं की नाक उचलतं म्हणे. आम्ही एकमेकांना धरत मागं सरकलो. मला तर रडूच फुटलं. मी पिशवी उघडून दाखवली, "माझ्यामुळे झालं हे, मी वजन चोरलं!"

"येडे, अडीच शेराच्या दगडानं विमान पडत नसतं," हे म्हणाले. ती मुलगी घाबरलेली, तरी हसली. "रखिए, यहीं रखिए."

मग एकाला पुढं, दोघांना मागं, असं चाललं. वैमानिक इंजिनाचा जोर कमीजास्त करत होता. खाली नदीचं वळण दिसलं, त्यापलीकडे आमचं गाव. तिथं लेक खेळत असेल, आणि मला वरून नुसतं बघायचं. देवाचं नावही धड आठवेना.

चाकं टेकली ती दाणकन. विमान उड्या मारत लांबवर गेलं आणि थांबलं.

सांजेला घरी पोचले. हात पसरले तर लेकीनं तोंड फिरवलं आणि जावेचा पदर घट्ट धरला. आकाशातून जिच्यासाठी जीव मुठीत धरून आले, ती मला ओळखेना! तीन दिवस माझ्या हातचा घास घेतला नाही तिनं. मी काय करणार? बसून राहायची समोर.

तीच तुझी आई. आता तीही लांब, तूही लांब. रविवारी तिला घेऊन ये गं, लवकर ये.