धोंडुमावशीचा शाम्पू

शनिवारी संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा मी बायांच्या डोक्यांवरून ओरडलो, "मावशे, तुझी नेहमीची बाटली आली गो! बाजूला काढून ठेवलीय तुझ्यासाठी!"

माझा हेतू शुद्ध होता. पेणच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानाची पाटी उतरवून मामाने तिथे 'मार्ट' लिहिलं, तेव्हापासून तो मला सांगत आलाय की गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवावी. ती किती मोठ्याने लक्षात ठेवावी, हे त्याने सांगितलं नव्हतं. रोह्याच्या कॉलेजात बी.कॉम.लाही तो विषय नव्हता.

धोंडुमावशीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गडब गावचा, तिच्या आळीतला धनेश नव्हेच. हायवेवर पत्ता विचारायला थांबलेला कुणी ड्रायव्हर आहे.

"कंची बाटली रे?" ती म्हणाली. "मी तुझ्याकडं शाम्पू घेते. शाम्पू!"

तोवर मी बाटली काउंटरवर ठेवलीसुद्धा होती. लाल झाकण, आत तेलाचा तवंग आणि लेबलावर खरपूस भाजलेली कोंबडीची तंगडी.

मावशीच्या शेजारी तिची धाकटी जाऊ वैशाली उभी होती. तिने बाटली उचलली, तंगडी नीट पाहून घेतली, मग मावशीच्या अंबाड्याकडे पाहिलं.

"काय गो बाय, ह्यो शाम्पू तू कोंबडीला लावतेस?"

सगळं दुकान हसलं. मीही हसलो, ही माझी दुसरी चूक.

आता धोंडुबाई म्हणजे कोण, हे सांगितल्याशिवाय या हसण्याचं वजन कळायचं नाही. आमच्या आळीत लग्न असलं की हळदीच्या दिवशी मटणाचे टोप चढतात, आणि त्या टोपांत मसाला एकाच बाईच्या हाताने पडतो. कांदा कुणीही चिरावा, वाटण कुणीही वाटावं, लाकडं कुणीही सारावीत. मसाल्याचा हात मात्र धोंडुबाईचा. ती चुलीपाशी येते, पदर खोचते, बरणीत हात घालते आणि मूठभर लाल मसाला अशा ऐटीत सोडते, की बाजूला हळद लावून बसलेल्या नवऱ्याकडे कुणी बघत नाही. तरुणपणी ती मिठागरात राबली. त्यामुळे मीठ घातल्यावर ती चव बघत नाही. कधी खारट झालं तर ते मटण खारट होतं, असं तिचं म्हणणं.

बाटल्यांवर तर तिचं वेगळंच प्रेम. कुणाच्या सुनेच्या ओट्यावर सॉस नाहीतर तयार मसाला दिसला, की मावशी दारातूनच विचारायची, "कोन आजारी हाय गो घरात? बाटलीतनं जेवता ते!" गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर तिने या विषयावर जवळजवळ भाषणच केलं. त्या दिवशी तिच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. मला माहीत आहे, कारण त्या मीच पेपरात गुंडाळून दिल्या होत्या.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ती लेकीच्या बाळंतपणाला रोह्याला गेली. इकडे गच्चीवर वर्षाच्या मिरच्या वाळत होत्या आणि अवकाळीची एक सर येऊन गेली. ती परतली तेव्हा मिरच्यांवर पांढरी बुरशी. दुसरी कुठली बाई शेजारणीकडून उसना मसाला मागून मोकळी झाली असती. पण धोंडुबाईने मसाला मागायचा म्हणजे तहसीलदाराने दाखल्यासाठी रांगेत उभं राहायचं. मग एका भर दुपारी, बाजारात कुत्रंही नसताना, ती आमच्या मार्टात आली आणि मला म्हणाली, "माझ्या वलखीची एक बाई हाय. तिला पायजे."

त्या ओळखीच्या बाईसाठी मावशीने जी निवड केली, तशी मुलाला मुलगी बघतानाही कुणी करत नाही. बाटली उजेडात धरली. हलवली. उलटी करून तेल किती वेळात वर चढतं ते बघितलं. मग मला वाचायला लावलं.

"काय काय हाय आत?"

"मिरची, लसूण, तेल, धने, व्हिनेगर..."

"व्हिनेगर म्हंजी?"

"आंबट असतं ते."

"मंग आमसूल का नाय?"

"कंपनीला विचारावं लागेल."

"इचार. आनि सांग, गाढव हायस म्हनून."

पहिली बाटली नेली आणि परत येऊन सांगितलं, "ह्यो मुरांबा हाय. लग्नात वाढ म्हनावं कंपनीला." दुसरी धुराच्या चवीची होती. "घर जलल्यावानी लागतं." तिसरी, लाल झाकणाची, नेली आणि चार दिवस तिचं काहीच नाव नाही. पाचव्या दिवशी आली, गल्ल्याला टेकून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "ह्या कंपनीवाल्यानं आपल्या आयशीला इचारलंन दिसतंय."

तेव्हापासून लाल झाकण. घरी गेल्यावर ती बाटली चिनी मातीच्या बरणीत रिकामी करायची, वर दोन चमचे जुना मसाला पसरायची, आणि रिकामी बाटली धुऊन मला परत आणून द्यायची. गावातल्या कचऱ्यात ती सापडली असती तर बरणीला काही अर्थ उरला नसता. तशा बाटल्यांत आमची आई आता फिनेल ठेवते. पुढच्या वर्षी मिरच्या कोरड्या राहिल्या, पण तोवर मावशीच्या दुखऱ्या खांद्याला आणि आळीच्या जिभेला बाटली मानवली होती. तरी दर मे महिन्यात तिच्या अंगणात चटईवर मिरच्या दिसायच्या. माझा अंदाज आहे, त्याच मिरच्या.

आणि आता नेमकी वैशालीच्या मुलाची, विशालची, हळद आठवड्यावर आली होती.

दुकानातून बाहेर पडताना मावशी माझ्याजवळ वाकली. "मेल्या, माझं एक खोटं तुझ्यावर बाकी हाय. जेवढ्या मोठ्यानं आज बोललास, तेवढ्याच मोठ्यानं बोलायचं, की ती बाटली माझी नव्हती. चार बाया ऐकतील असं. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. मला वाटलं, दोन दिवसांत फेडून टाकू.

पण गडबला ही बातमी माझ्याआधी पोचली. दुसऱ्या दिवशी वैशाली मोठ्या जावेच्या दारात. भांडण नाही, आवाज नाही. नुसतं गोड बोलणं, जे जास्त वाईट.

"बाय, हलदीचा मसाला तुझ्याच हातचा गो. फकस्त येवढंच, की आमच्या म्होरं कुटू. नायतर लोक काय बोलतील? माझी भैन निशिगंधा येतेय रोह्यावरनं, तिचा पन हात बरा हाय. तुला झेपत नसंल तर तसं सांग."

झेपत नाही हे धोंडुबाई मेली तरी म्हणणार नव्हती. तिने पेणहून नव्या मिरच्या आणल्या. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला. धने, खसखस, दगडफूल स्वतः भाजलं. खांद्याला पट्टा बांधून ती मसाला कुटायच्या डंक्यावर बसून राहिली आणि ते पहारीसारखं मुसळ खाली-वर होताना सगळ्या बाया, वैशालीसकट, शिंकत-खोकत साक्षीला होत्या. इतका खरा मसाला आळीत कित्येक वर्षांत झाला नव्हता.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडववाल्यांसाठी आणि घरच्यांसाठी पहिला टोप चढला. मी तांदळाची पोती उतरवायला तिथे होतो. मावशीने पदर खोचला, बरणी उघडली, मूठ सोडली. आज त्या ऐटीत थोडा राग होता. निशिगंधा बाजूला हाताची घडी घालून उभी होती, जागा रिकामी होण्याची वाट बघत.

पंगत बसली. नवऱ्या मुलाचा बाप पुंडलिक, म्हणजे मावशीचा दीर, याने भाकरी मोडली, रस्सा लावला, तोंडात घातला. थांबला. पुन्हा घातला.

"वैनी," तो म्हणाला, "राग नका धरू. पन ह्यो तुमचा मसाला नाय."

"मंग कोनाचा?"

"बाटलीचा वास येतोय."

शेजारच्याने हुंगलं, त्याच्या शेजारच्याने हुंगलं आणि पंगतभर बाटलीचा वास पसरला. "व्हय रे, तुमचा कसा जिभेवर बसतो! ह्यो घशाला लागतो." "कंपनीचा माल असाच." कुणी एकाने तर बाटलीतल्या मसाल्याने पोट कसं बिघडतं, ते सांगायला सुरुवात केली आणि पुन्हा रस्सा मागून घेतला.

मावशी पळी हातात धरून उभी. बोलावं तरी काय? हा खरा आहे म्हणावं, तर मग दोन वर्षं जे बोटं चाटून खाल्लंत ते काय होतं, हे सांगावं लागतं. मान वाचवायला जे सांगायचं, त्यानेच मान जाणार.

शेवटी वैशाली पुढे आली. "माझ्या डोल्यांम्होरं कुटलाय ह्यो. देवाची शपत."

"तू जाऊ हायस ना," पुंडलिक समजूतदारपणे म्हणाला. "तुला सांभाळून घ्यावंच लागतं."

मी आयुष्यात इतकी खरं बोलणारी आणि इतकी खोटी ठरलेली बाई बघितली नव्हती. वैशाली लाल झाली. संध्याकाळी सगळं गाव जेवायला येणार होतं. निशिगंधा म्हणाली, "मी घालू का मंग माझा?" पण रोह्याच्या बाईने गडबच्या टोपात हात घातला असता, तर ते वैशालीला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

ती चुलीमागे आली. मी पोती रचत होतो, म्हणून मला ऐकू आलं. आजूबाजूला बघत, ओठ न हलवता ती जावेला म्हणाली, "बाय गो, तो शाम्पू आन."

मावशीने सावकाश लाकूड आत सरकवलं. "कंचा शाम्पू?"

"आता नको ना गो छलू!"

"नाय, मला म्हायतीच नाय. कोंबडीला लावायचा?"

"बकऱ्याला लावायचा. धनेशला धाड."

मी बाईक काढली. पेणला जाऊन रॅकवरची सगळी लाल झाकणं गोणीत भरली, वरून कोथिंबीर टाकली. परत आलो तेव्हा वैशालीने मला गोठ्याच्या बाजूने आत घेतलं. दोघी जावा गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि एकीने बाटल्या उघडल्या, दुसरीने बरणी भरली. लग्न होऊन आल्यापासून त्या दोघींनी मिळून केलेलं हे पहिलंच काम असावं. रिकाम्या बाटल्या गोणीतून माझ्याकडे आल्या. आईला आता फिनेल कमी पडेल.

संध्याकाळी दिवे लागले, डीजे लागला, टोप चढले. सगळ्यांसमोर धोंडुबाईने पदर खोचून मूठ सोडली. मूठ ओली होती, पण चुलीपाशी अंधार होता. पुंडलिकने पहिला घास घेतला, डोळे मिटले.

"ह्याला म्हंतात हात! दुपारी कुनीतरी गडबड केली व्हती. मी तवाच बोललो."

"बोललावता खरं," वैशाली म्हणाली आणि त्याला अजून वाढलं. निशिगंधाने सुद्धा दोनदा घेतलं आणि जाताना थोडा मसाला बांधून मागितला. मावशीने तिला डंक्यावरचा दिला.

तो उरलेला खरा मसाला मावशीने मग आळीत वाटला. एक डबा आमच्याकडेही आला. आईने झाकण काढून हुंगलं आणि मला म्हणाली, "धोंडू बिघडली रे. हा बाटलीचा दिसतोय." मी ताट पुढे केलं.

पुढच्या शनिवारी दोघी जावा एकत्र दुकानात आल्या, एकच पिशवी दोघींत धरून. मी शहाणा झालो होतो. बाटल्या आधीच पेपरात गुंडाळून गल्ल्याखाली ठेवल्या होत्या. पिशवीत सारल्या, वर साबणाची वडी टाकली आणि मावशीच्या कानाशी म्हणालो, "मावशे, ते खोटं बोलायचं राहिलंय. बोलू काय आता?"

तिने मान वळवून दुकानात नजर फिरवली. बिस्किटांपाशी एक म्हातारा होता, आणि दाराशी दोन शाळकरी पोरी.

"नको," ती म्हणाली. "आज गर्दी कमी हाय. ऱ्हाऊ दे बाकी."