वाघाचा कॅमेरा, बायकांचा कॅमेरा

आमच्या घरात कॅमेऱ्यांची वाटणी झाली ती नागपूरला, सीताबर्डीच्या एका दुकानात, आणि त्या वेळी मी तिथे नव्हते.

ताडोब्याजवळच्या मूल गावात, बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. अब्बांनी सुरू केला, आता मी आणि माझा धाकटा भाऊ चालवतो. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो, म्हाताऱ्या माणसांचे पुढे हार घालायला उपयोगी पडणारे फोटो, आणि उन्हाळ्यात लग्नं. आमच्यातल्या लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही, म्हणून मी कॉलेजात असतानाच अब्बांनी माझ्या हातात कॅमेरा दिला. पुढे आसपासच्या खेड्यांतल्या हिंदू घरांतूनही बोलावणी यायला लागली. फोटो काढायला बाई येणार म्हटलं की तिथल्या बायका मोकळ्या होतात. पदर नीट करायचा असला तर माझ्याकडे तोंड करतात आणि भावाकडे पाठ.

जुना कॅमेरा दम तोडायला आला, तेव्हा भाऊ दुसरा आणायला नागपूरला गेला आणि दोन घेऊन आला. तिथल्या कुठल्याशा डॉक्टरांनी नव्या जमान्याचा, आत आरसा नसलेला कॅमेरा घेतला होता आणि आपले दोन्ही जुने कॅमेरे जोडीनं विकायला ठेवले होते.

"एकटा देतच नाई म्हने," भाऊ म्हणाला. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण मूलची हिंदी आणि मूलची मराठी कुठे वेगळी होते ते आम्हालाही नक्की सांगता येत नाही. "आपा, हा पाहा. हा वाघाचा कॅमेरा. अन् हा तुले. बायकाच्या साइडले चालून जाईल."

वाघाचा कॅमेरा म्हणजे भलताच चपळ. बटण दाबून धरलं की खटखटखटखट फोटो निघत राहायचे, बोट उचलेपर्यंत. त्याच्यासोबत हातभर लांबीचं भिंग आलं होतं. माझ्या वाट्याला आलेला त्याहून जुना, त्याहून जड, आणि स्वभावानं सरकारी. बटण दाबलं की आधी तो विचार करायचा, मग फोटो काढायचा. नेम धरायचा तो आत दिसणाऱ्या ठिपक्यांपैकी मधल्यानंच, बाजूच्या ठिपक्यांवर विसंबलं की नवरीऐवजी मागची भिंत स्वच्छ यायची. पण त्याच्या आतली फोटो पकडणारी पट्टी, ज्याला सेन्सर म्हणतात, ती मोठी होती. एका पिवळ्या बल्बच्या खोलीत हळद लावलेला चेहरा तो असा धरायचा की फोटोला हात लावला तर बोटाला हळद लागेल असं वाटावं. भावाचा कॅमेरा त्याच खोलीत नेला की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसायचे.

हे मी त्याला सांगितलं, तर त्यानं मोबाइलवर परदेशातल्या एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ लावला. तो माणूस दोन्ही कॅमेरे टेबलावर ठेवून बोलत होता. जंगलासाठी हा, चेहऱ्यांसाठी तो, असा त्याचा निकाल होता. भावानं तो निकाल शिरोधार्य मानला. अडचण एवढीच होती की तोवर भावानं एकही वाघ काढलेला नव्हता. मूलमध्ये वाघासाठी लांब जावं लागत नाही. मोहफुलं वेचायला गेलेल्या बायकांना तो नको तेव्हा दिसतो. भाऊ कॅमेरा घेऊन गेला की मात्र सगळं जंगल नुसतं माकडांचं असायचं.

त्यामुळे वाघाचा कॅमेरा राबत होता तो पुरुषांच्या पंगतीत. एका निकाहात नवरदेव "कबूल है" म्हणत असताना भावानं बटण दाबून धरलं. तोंड उघडण्यापासून मिटण्यापर्यंतचे सगळे टप्पे आमच्याकडे आले. त्यातल्या एकाही फोटोत तो मुलगा शहाणा दिसत नव्हता. त्याच्या आईनं विचारलं, "याले उलटी होऊन राह्यली होती का?"

मी हसले. भावाला ते लागलं.

"तुह्या त्या म्हशीनं एक वाघ काढून दाखव," तो म्हणाला.

"चाल," मी म्हटलं.

म्हणून आम्ही दोघं हिवाळा सरता सरता ताडोब्याच्या बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या, एका गेटवर सकाळी उभे राहिलो. सोबत उघड्या जीपमध्ये पुण्याचं एक कुटुंब होतं, नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. त्यांच्या दोन सफाऱ्या कोरड्या गेल्या होत्या आणि तिघंही एकमेकांवर नाराज होते. सुनेनं कडेची जागा सासूला दिली, तर सासू म्हणाली, मला काही गरज नाही, मी आपली मधेच बरी. मोबाइल गेटवरच जमा करून घेतात, त्यामुळे जीपमध्ये कॅमेरे फक्त आमचे दोन. भावाच्या भिंगाकडे पाहून पुण्याचे गृहस्थ आदरानं सरकून बसले. माझ्याकडे छोटंसं साधं भिंग होतं, सुनेनं मला विचारलं, "तुम्ही पण काढता?"

बराच वेळ काही नाही. मग गाइडनं हात वर केला आणि जीप थांबली. बांबूतून वाघीण निघाली ती थेट रस्त्यावर, आमच्या चाकाशी. हात लांब केला असता तर तिच्या पाठीला लागला असता, इतकी जवळ. भावाचं बटण सुरू झालं, खटखटखटखट. मी आपला कॅमेरा वर केला. त्यानं विचार केला. एक फोटो काढला. पुन्हा विचार केला, दुसरा काढला. तेवढ्यात वाघीण पलीकडच्या गवतात शिरली.

स्टुडिओत परत येऊन आम्ही फोटो कॉम्प्युटरवर घातले. भावाचं लांब भिंग लांबच्या वाघासाठी होतं, जवळच्या वाघाची त्यात सोयच नव्हती. एका फोटोत पट्टे. एकात कान. एकात अर्धा डोळा आणि त्याच्या पुढे अतिशय स्वच्छ आलेलं गवताचं पातं. बाकी पुन्हा पट्टे. माझे दोन. पहिला हललेला. दुसऱ्यात वाघीण कोपऱ्यात शेळीएवढी, आणि पुढे सगळी जीप. गृहस्थांचं तोंड उघडं. गाइडचा वर केलेला हात. आणि सासूनं सुनेचं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरलेलं.

पुण्याच्या सुनेचा फोन आला. "मिळालं का काही?"

मी सांगितलं, वाघ लहान आलाय, तुम्ही मात्र चांगल्या आल्यात. सासूबाईंनी तुमचा हात धरलाय.

"स्पष्ट दिसतंय?"

"एकदम."

"मग तोच पाठवा. मोठा करून, फ्रेम लावून. दिवाणखान्यात लावणार आहे."

भावानं आपल्या पट्ट्यांचा फोटो मोठा करून स्टुडिओत टांगला. फोटो काढायला आलेली एक बाई त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "हे ब्लँकेट कुठी भेटते भाऊ?"

एवढ्यावर मी जिंकले असं समजून गप्प बसायला हवं होतं. पण मे महिन्यात सावली तालुक्यातल्या एका गावात लग्न लागलं.

धानाच्या शेतीचं मोठं घर. नवरीचा बाप आणि त्याचा धाकटा भाऊ यांचं एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून बिनसलेलं होतं आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. हे आम्हाला घरात पाय ठेवताच तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं, म्हणजे दोघांना शेजारी उभं करायची चूक होऊ नये. धाकटा लग्नाला आला होता, कारण पुतणीनं स्वतः जाऊन बोलावलं होतं. मांडवावर जांभळीच्या डहाळ्या टाकल्या होत्या आणि मांडवाच्या दोन टोकांना दोन भाऊ दोन वेगवेगळ्या घरांचे पाहुणे असल्यासारखे हिंडत होते.

मी नवरीच्या खोलीत होते. तिच्या आत्या बांगड्या चढवत होत्या, मी बटण दाबलं, कॅमेऱ्यानं विचार केला, आणि आत काहीतरी टपकन पडलं. भिंग काढून पाहिलं तर आतला आरसा सुटून आडवा पडलेला. जुन्या कॅमेऱ्यांत गोंद वाळला की होतं असं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र नवरीची आत्या डोकावून म्हणाली, "बाप्पा! आरसा फुटला का वो? आजच्या दिवशी?"

"फुटला नाई बाई, निसटला फक्त," मी म्हटलं आणि कॅमेरा पर्समध्ये लपवला.

बाहेर येऊन भावाला गाठलं. "माह्यं भिंग तुह्या कॅमेऱ्याले बसत नाई, तुह्यं साधं भिंग दे. तुह्याच कॅमेऱ्यानं दोन्हीकडचं काढू."

त्याचा चेहरा उतरला. "ते मूललेच राह्यलं."

"मंग हे वाघाचं कायले आनलं?"

"पक्षी दिसन म्हटलं तलावावर."

झालं. त्या लग्नाचे उरलेले सगळे फोटो हातभर भिंगानं निघाले. मांडवात उभं राहून काढले तर नुसती नाकं आली असती, म्हणून भाऊ अंगणापलीकडे विहिरीपाशी जाऊन उभा राहिला. मी मांडवात राहून तो हातवारे करेल तसं लोकांना सरकवत होते. घरच्यांचा एकत्र फोटो काढताना तो तिकडून ओरडायचा, मी इकडून ओरडायचे, आणि म्हातारे विचारायचे, "फोटोवाला कुठी गेला? पळाला का?" नवरीचा बाप एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, मध्ये अख्खं खानदान. असा तो फोटो निघाला.

पंगती उठल्यावर मी सावलीला टेकले. भाऊ मात्र बटण दाबत होताच. त्याची ती सवयच आहे.

घरी आल्यावर आम्ही फोटो पाहायला बसलो आणि थक्क झालो. कॅमेरा कुठे आहे हे कुणाला माहीतच नव्हतं, त्यामुळे कुणी तोंड करून उभं राहिलं नव्हतं. मला खोलीत साडी सावरून, मान तिरकी करून दाखवणाऱ्या त्याच बायका इथे पोट धरून हसत होत्या. नवरी बुंदीचं ताट मांडीवर घेऊन मनापासून जेवत होती. इतकी वर्षं चेहरे काढतेय, पण असे चेहरे माझ्या कॅमेऱ्यासमोर आले नव्हते. भाऊ प्रत्येक फोटोनंतर माझ्याकडे बघत होता.

मग सलग काढलेल्या फोटोंची एक ओळ आली. मांडवामागे तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग. तिथे नवरीचा काका, तो धाकटा, उभा राहून प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटतोय, सुपारी-तंबाखूचा आमच्याकडचा अत्यावश्यक पदार्थ. मोठा येतो. इकडेतिकडे बघतो. धाकट्याकडे न बघता नुसता तळहात पुढे करतो. धाकटा त्यावर खर्रा ठेवतो. दोघं शेजारी उभे राहून चघळतात, तोंडं दोन दिशांना. आणि मग एका, एकाच फोटोत, मोठ्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर आहे. पुढच्या फोटोत हात खाली.

माझ्या कॅमेऱ्यानं तेवढ्यात विचार करून संपवला नसता.

मी भावाला बजावलं, हा अल्बममध्ये टाकू नको. तो हो म्हणाला आणि पूर्ण पानभर मोठा करून टाकला.

अल्बम गेला आणि थोड्याच दिवसांत नवरीचा बाप तो पिशवीत घालून परत आला. ते पान उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"हा कोनं काढला?"

"भावानं."

"आमाले तं कोनी दिसला नाई."

"लांब होता तो."

"बाई, याले काढून टाका. अल्बम गावात फिरून राह्यला. लोक का म्हनतीन? तिकडे पाण्याचं भांडण, अन् इकडे खर्रा?"

जाड पानांचा अल्बम, पान काढता येत नाही. मी त्याच मापाचा नवरी आणि आत्यांचा फोटो छापून वरून चिकटवला. तो माझ्या हाताकडे लक्ष देऊन बघत होता. कडा नीट बसल्या, हवा उरली नाही. त्यानं अल्बम पिशवीत घातला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"त्याची एक कॉपी करून द्या मले. बंद पाकिटात."

"तुम्ही तर काढून टाका म्हणालात."

"अल्बममधून," तो म्हणाला.

माझ्या कॅमेऱ्याचा आरसा मी स्वतःच चिकटवला. जरा तिरका बसलाय. डोळ्याला दिसतं एक आणि फोटोत येतं त्याहून बोटभर खालचं, तेवढं मी धरून चालते. भाऊ आता लग्नात लांब उभा राहतो, मी जवळ. गिऱ्हाइकांना वाटतं ही आमची काही खास पद्धत आहे. त्या गोऱ्या माणसाचा निकाल भावाला अजूनही मान्य आहे आणि तो अजूनही आपल्या कॅमेऱ्याला वाघाचाच म्हणतो. अख्खा वाघ अजून नाहीच.

पावसाळ्यात, धानाची रोवणी उरकल्यावर, बाजाराच्या दिवशी त्या नवरीचा काका स्टुडिओत आला. स्टुलावर बसला, पासपोर्ट फोटो काढायचा म्हणाला, केस विंचरले आणि मग म्हणाला, "एक फोटो होता म्हनते. तणसाजवळचा. पुतणी सांगून राह्यली होती."

मी कॉम्प्युटरवर काढून दाखवला. तो पुढे झुकला.

"मले बी एक पायजे. पर माह्या भावाले सांगू नका."

"नाही सांगत."

प्रिंट हातात घेऊन तो दाराजवळच्या उजेडात गेला आणि तिरकी धरून बघत राहिला. बाजारातल्या गाड्यांचा आवाज येत होता.

"मी कसा दिसून राह्यलो यात?"

"चांगले दिसता."

"अन् हा?"

"तेही चांगलेच."

त्यानं मान हलवली. "म्हातारा झाला," तो म्हणाला, आणि फोटो शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवून बाजारात गेला. पासपोर्ट फोटोचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.