गाळीव प्रत

गाळणीकाका हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता संस्थेत कुणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याने माणूस बरोबर ओळखला होता. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत सात-आठ तज्ज्ञ जमत आणि देशापुढच्या प्रश्नांवर चर्चा करत. चहाच्या आधी घरचे प्रश्न, म्हणजे महागाई, वीज, शाळा, बेकारी. चहानंतर परराष्ट्र धोरण. चहा बरोबर सव्वाचारला यायचा, त्यामुळे देशात कितीही बेकारी असली तरी ती सव्वाचारला संपायची. खिडकीखालच्या छोट्या टेबलाशी काका बसत आणि जे जे बोललं जाई ते लघुलिपीत वहीत उतरवत. कुणाला खोकला आला तर खोकलासुद्धा. त्यांनी स्वतः मात्र बोलायचं नाही, असा नियम. एकतीस वर्षांत त्या खोलीत काकांनी तोंड उघडलं असेल तर ते शिंकायला.

खरं काम शुक्रवारचं. वहीवरून टाइप करायचं आणि करता करता गाळायचं. संचालकसाहेबांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, “हे बघा, हा कागद वर मंत्रालयात जातो. तिथे कुणाला आमच्या ‘अं’ आणि ‘म्हणजे’ आणि ‘मला आपलं वाटतं’शी कर्तव्य नाही. तज्ज्ञ चाचरत नसतात. मतलबाचं तेवढं ठेवा.” काका तेवढंच ठेवत. त्या कागदाला संस्थेत ‘गाळीव प्रत’ म्हणत. ती वर जायची, आणि कच्ची वही लोखंडी कपाटात.

तज्ज्ञमंडळी त्यांच्यावर खूश. ज्यांना आपली गाडी कुठे लावली ते आठवत नाही, असे लोक गाळीव प्रतीत पुढच्या दहा वर्षांचं भविष्य सांगायचे. उंटावरून शेळ्या हाकणारे काय कमी असतात? पण काकांच्या कागदात त्या शेळ्याही कशा रांगेत चालायच्या. अर्थतज्ज्ञ तर एकदा म्हणाले, “काय हो, तुमच्या कागदात मी फार हुशार दिसतो.” काकांनी ते घरी येऊन काकूंना दोनदा सांगितलं. काकू म्हणाल्या, “मग त्यांच्या बायकोला दाखवा तो कागद. तिला बिचारीला माहीत नसेल.”

आता यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण लघुलिपीवाल्याला विचारा, तो सांगेल. लिहिताना कान ऐकत नाहीत, हात ऐकतो. समोरचा बोलतो, हात धावतो, आणि मधे जे डोकं असतं ते रिकामं राहतं. तीन तास लिहून काका जिना उतरले आणि कुणी विचारलं, आज काय ठरलं हो, तर त्यांना धड सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी टाइप करतानाही तेच. धान्य निवडणाऱ्या बाईची बोटं खडा बाजूला टाकतात, बाई गप्पा मारत असते. तशी काकांची बोटं ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ बाजूला टाकायची. त्यामुळे गुरुवारी काय बोललं गेलं ते काकांना कळायचं शुक्रवारी संध्याकाळी, स्वतःची गाळीव प्रत वाचून. मंत्र्यांना कळायचं तसंच.

काकांना एकुलती एक लेक. ती नदीपलीकडच्या देशात, पुलापासून तीन तासांवरच्या एका मोठ्या इस्पितळात नर्सचं काम शिकत होती. दोन वर्षं पुरी केली की प्रमाणपत्र, आणि एक दिवस जरी कमी भरला तरी दोन्ही वर्षं पाण्यात. तिची दोन वर्षं त्या महिन्याच्या तीस तारखेला भरायची होती. आणि नेमका त्याच महिन्यात दोन्ही देशांनी दंड थोपटले. आधी राजदूत परत बोलावले, मग माल अडवला, मग पुलाच्या दोन्ही तोंडांना वाळूची पोती आली.

नऊ तारखेच्या गुरुवारी चहानंतर तोच विषय निघाला. सीमा बंद होणार का, आणि कधी. काका त्या दिवशी जिवाचे कान करून बसले होते. पण कसलं काय! माजी राजदूत बोलायला लागले, हात धावायला लागला, आणि कान गेले ते गेलेच. शुक्रवारी पाच वाजता काकांनी प्रत यंत्रातून काढली, चष्मा पुसला आणि वाचली. तिथे स्वच्छ काळ्या अक्षरात होतं: महिनाअखेरपर्यंत सीमा बंद होणार नाही.

काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. घरी आले ते चपला न काढता फोनकडे. लेक म्हणाली, “बाबा, बरं झालं तुम्हीच केलात. इथे सगळे बांधाबांध करतायत. माझ्या खोलीतल्या दोघी उद्या सकाळी निघतायत. त्यांच्या गाडीत एक जागा आहे. येऊ का?”

“कशाला? वीस दिवस राहिलेत तुझे. महिनाअखेरपर्यंत काही होत नाही.”

“नक्की?”

“अगं, नक्की म्हणजे! कागद वाचूनच आलोय मी. मंत्र्यांच्या आधी मला कळलंय.”

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. काकांनी फोन ठेवल्याबरोबर त्या कडाडल्या, “त्या प्रमाणपत्राला काय जाळायचंय? जागा आहे म्हणतेय ना गाडीत? येऊ दे पोरीला!”

“तुला कळत नाही त्यातलं. तिथे कोण बसतं माहीत आहे? चौदा वर्षं पलीकडे काढलीत राजदूतसाहेबांनी. त्यांना तिथल्या लोकांच्या मनातलं कळतं.”

“मी तीस वर्षं तुमच्याबरोबर काढली,” काकू म्हणाल्या. “मला कळतं का तुमच्या मनातलं?”

काका हसले. खरंच हसले हो. पुढे कित्येक दिवस त्यांना जेवताना ते हसणं आठवायचं आणि घास उतरायचा नाही.

खोलीतल्या त्या दोघी शनिवारी दुपारच्या आत घरी पोचल्या. मागच्या सीटवर त्यांनी बॅगा ठेवल्या होत्या.

सतरा तारखेला पहाटे सीमा बंद झाली. एकोणीसला पूल उडवला. कुणी उडवला यावर दोन्हीकडचे अजून भांडतायत. त्याच दिवशी पलीकडचे फोन बंद पडले. काकू तेव्हापासून रेडिओच्या शेजारून हलेनात. नवऱ्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, दोन शिव्या खाऊन काका मोकळे तरी झाले असते. गुरुवारी मात्र त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “आज नीट ऐका.”

त्या गुरुवारी, तेवीस तारखेला, चर्चेचा विषय होता: आपला अंदाज कुठे चुकला. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! संचालकांच्या हातात नऊ तारखेची गाळीव प्रत होती. वरून विचारणा आली होती, हे असं छातीठोक कुणी सांगितलं? राजदूतांचा चेहरा लालबुंद झाला.

“मी असं म्हणालोच नव्हतो!”

“साहेब, नोंदीत आहे.”

“नोंद गेली खड्ड्यात. मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे, मी असं वाक्य बोलेन? कच्ची वही आणा.”

काकांनी कपाट उघडलं, नऊ तारखेची वही काढली. लघुलिपी दुसऱ्या कुणाला येत नव्हती, म्हणून संचालक म्हणाले, “वाचा तुम्हीच.” एकतीस वर्षांत पहिल्यांदा काकांचा आवाज त्या खोलीत निघाला. ते वाचू लागले.

“अं… हे बघा, मला आपलं वाटतं, म्हणजे मी काही छातीठोक सांगत नाही, पण महिनाअखेरपर्यंत बहुधा सीमा बंद होणार नाही. खोकला. पण यावर कुणी विसंबू नका बरं का. आज-उद्यासुद्धा होईल, काय सांगावं! माझं कुणी पलीकडे असतं तर मी आजच बोलावून घेतलं असतं.”

ते शेवटचं वाक्य त्यांच्याच हातांनी लिहिलेलं होतं. मतलबाचं नाही म्हणून त्यांच्याच बोटांनी ते काढून टाकलं होतं. आणि ते त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं.

खोलीत मात्र काय आनंद झाला म्हणता! “बघा! बघा!” राजदूत टेबलावर थाप मारून म्हणाले. निवृत्त सेनाधिकारी मोठ्याने हसले, “म्हणजे आपण चुकलोच नाही की.” संचालक म्हणाले, प्रत गाळणं हा निव्वळ कार्यपद्धतीचा भाग आहे, वर तसं एक पत्र पाठवू. अर्थतज्ज्ञांनी पलीकडे अडकलेल्या आपल्या लोकांचा आकडा विचारला, कुणी चारशे म्हणालं, कुणी सहाशे, आणि एवढ्या आकड्याने सरकारला धोका नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं. काका पुन्हा टेबलाशी जाऊन बसले होते आणि हात ते लिहीत होता. मेल्यांनो, सहाशेत एक माझी आहे, असं म्हणायला काय झालं होतं? पण एकतीस वर्षांची जीभ ती, एका दिवसात कुठली वळायला!

राजदूत माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही शब्दन् शब्द लिहिला होतात म्हणून माझी अब्रू वाचली,” ते म्हणाले. काकांनी मान हलवली.

घरी काकूंनी विचारलं, “काय म्हणाले?”

“बघू म्हणाले,” काका म्हणाले. वहीतलं ते वाक्य त्यांनी बायकोला सांगितलं नाही. सांगणार कुठल्या तोंडाने?

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला. अनोळखी नंबर. काकांनी उचलला, तोवर काकू धावत येऊन त्याच रिसीव्हरला बाहेरून कान लावून उभ्या. दोघांच्या कपाळाला कपाळ लागलं होतं.

“बाबा! मी बोलतेय. नीट आहे मी. दोनच मिनिटं मिळालीत. ऐका, इस्पितळ रिकामं केलंय. आम्ही एका शाळेच्या तळघरात आहोत, चाळीसजण. उत्तरेला एक उतार आहे म्हणतात नदीला, पायी पार होता येतं, पण वाटेत गोळीबार चालू आहे. काही म्हणतात निघू, काही म्हणतात थांबू. मी त्यांना सांगितलंय, माझे बाबा मोठ्या लोकांत बसतात, त्यांना आधी कळतं. सगळे माझ्याकडे बघतायत, बाबा. काय म्हणतात तुमच्याकडे? कधी उघडेल सीमा?”

काकांच्या तोंडात उत्तर तयार होतं. लवकरच उघडेल. दोन शब्द, स्वच्छ, छोटे. ते बोलले असते तर पोरीला तेवढा तरी धीर आला असता. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“बाबा? आहात ना?”

“कुणाला काही माहीत नाही, बाळा.”

“म्हणजे?”

“म्हणजे काहीच माहीत नाही. तेव्हासुद्धा माहीत नव्हतं. राजदूत म्हणाले होते, विसंबू नका. म्हणाले होते, माझं कुणी असतं तर आजच बोलावलं असतं. ते मी गाळलं. कागदात आलंच नाही ते. आणि मी तो कागद वाचून तुला थांब म्हणालो.”

पलीकडे कुणाचं तरी मूल रडत होतं.

“म्हणजे त्या दिवशी मी गाडीत बसायला हवं होतं.”

“हो.”

मग तिने आवाज अगदी खाली आणला. तळघरातल्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून असेल.

“बाबा, हे आईला कधी सांगू नका हं. ती तुम्हाला माफ नाही करायची.”

काकूंचा कान रिसीव्हरलाच होता. काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, आता ही किंचाळेल, आता छाती बडवून घेईल, आणि तेच योग्य झालं असतं. काकूंनी त्यांच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला आणि त्यांच्याकडे पाठ केली.

“बाळा, मी बोलतेय,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून काही खाल्लंस का?”

उत्तर यायच्या आत दोन मिनिटं संपली. त्याला आता अकरा आठवडे झाले. काका तो नंबर रोज लावतात, आणि तो लागत नाही.