पिवळ्या भिंतीचं घर

बायको श्रावणात वारली आणि दिवाळीच्या आधीच मी कारंजा गावातलं घर विकायला काढलं. तिच्याविना तिथं दिवस काढवेना. विकून आसेगावला मुलीकडे जायचं, असं ठरवलं होतं.

दलाल म्हणाला, "भाऊ, अशा कळकट भिंतीले कोन इचारते? रंग मारा, मंग पाहा भाव."

आमच्याकडे माणूस गेलेल्या घराला त्या वर्षी रंग नाही की चुना नाही. दिवाळीला अख्खी गल्ली उजळते, ते एकच घर तसंच राहतं, परक्यालाही कळतं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी पडलो नाटकी माणूस! म्हाताऱ्या रंगारी चाचांना बोलावलं, भिंतीवर तीन पट्टे ओढायला लावले: निळा, गुलाबी, पिवळा. रस्त्यापलीकडे जाऊन, कमरेवर हात ठेवून, मान तिरपी करून पाहिले आणि फर्मावलं, "पिवळा!"

"लोक म्हनतीन, भाऊ दुसरी शादी करून राह्यले," चाचा पुटपुटले. मी खो खो हसलो. रंग लागला.

मालेगावहून नवरा-बायको घर पाहायला आले. बाईनं भिंतीवरून बोट फिरवलं.

"ताजा रंग हाये. म्हंजे यंदा घरात काही वाईट झालं नाई."

मी मान डोलावली.

"मालकीनबाई कुठी हायेत?"

"देवळात गेली. येईलच आता." तोंडातून सहज निघालं.

भाव ठरला. पण बाई उठेचना. "त्याइले भेटूनच जातो. घरच्या बाईच्या मनात नसलं त घर घेऊ नाई."

मग आम्ही तिघं बसलो वाट पाहत. मी चहा केला, किस्से सांगितले, दोघांना पोट धरून हसवलं. दारात सावली पडली की बाई पदर सावरायची. तिसऱ्यांदा सावली पडली, तेव्हा त्यांच्या आधी मीच उठून उभा राहिलो.

शेजारीण होती. विरजण मागायला आलेली.

ती गेल्यावर मी म्हणालो, "बाई, आता नाई येत ते. श्रावनातच वारली."

नवरा ताडकन उठला. "मंग रंग काहून मारला?"

आणि तो तरातरा दाराबाहेर पडला. बाई त्याच्यामागून निघाली, पण उंबऱ्याशी थांबली.

"भाऊ, देवळात गेली म्हनलं तवा तुमचं तोंड कसं खुललं होतं," ती म्हणाली.

त्यानंतर घर मी कुणाला दाखवलं नाही.