रुमाल उसवायला सांगितला आणि आई ओरडली

नवीन पनवेलच्या समस्त आयांनो, आज डोकं फिरलंय माझं.

मी घरून मुलांना ऑनलाइन क्रोशा शिकवते. आज एका नऊ वर्षांच्या मुलीने रुमाल दाखवला. एकही टाका वाकडा नव्हता. मला शंका आली. म्हटलं, "शेवटची ओळ उसव आणि माझ्यासमोर परत विण."

कॅमेऱ्याबाहेरून तिची आई ओरडली, "अहो टीचर, उसवायला नका सांगू, दोन दिवस बसून विणलाय मी तो."

मुलीने शांतपणे धागा ओढला आणि अख्खा रुमाल उसवला. मग विचारलं, "टीचर, सुई धरायची कशी?"

हा तिचा पाचवा क्लास होता.

ती आई याच ग्रुपवर आहे. वाचू दे. शाळेत चुकायची सोय नाहीच, निदान छंदात तरी पोरांना चुकू द्याल का?